ए-लेव्हल आर्टचे मार्क स्केचबुकला का?

इंग्लंडमधे मुलं ए-लेव्हलला (शाळेची शेवटची परीक्षा, साधारण आपली बारावी) आर्ट अँड डिझाइन घेतात तेव्हा आपल्याकडच्या आईबाबांना पहिला धक्का हा बसतो की चित्र छान आलं तरी मार्क कमी पडू शकतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या माणसाला हे झेपतच नाही, आपण काय, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, वेळ संपली की कागद जमा, जे काय मार्क ते त्या कागदावर.

गंमत म्हणजे आपली ही सवय पण मुळात तिकडचीच. १८३७ला लंडनमधे सरकारी डिझाइन स्कूल निघालं ते कलाकार घडवायला नव्हे, कापड-भांड्यांवरच्या डिझाइनमधे फ्रान्सच्या मागं पडतोय या भीतीनं. पुढं लंडनच्या १८५१च्या मोठ्या प्रदर्शनानंतर हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याच्या हातात कारभार आला आणि साउथ केन्सिंग्टनची (लंडनचाच एक भाग) ती प्रसिद्ध पद्धत बसली, २३ टप्प्यांचा कोर्स, रेघा, भूमिती, प्लास्टरच्या साच्यांवरून आठवडेच्या आठवडे शेडिंग. वर मास्तरांचे पैसे पोरांच्या निकालावर! मग कोण कशाला पोराला स्वतःच्या मनचं काढू देईल. मुंबईत जमशेटजी जीजीभॉयांच्या एक लाखाच्या देणगीतून १८५७ला जेजे स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, १८६५ला तिथं शिकवायला आलेले ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग दोघंही साउथ केन्सिंग्टनशी संबंधित, त्यामुळं आपल्या ड्रॉइंगच्या परीक्षांवर ती शिस्त दिसते यात नवल नाही.

तिकडं मात्र हळूहळू वारं फिरलं. १९१२ पासून डडलीच्या मुलींच्या शाळेत शिकवणारी मॅरियन रिचर्डसन पोरींना डोळे मिटून मनात काय दिसतं ते काढायला सांगायची, नक्कल बंद. तिच्या मुलींची चित्रं कलासमीक्षक रॉजर फ्रायनं लंडनला दाखवली. तरी परीक्षा लगेच बदलली असं नाही हं, ए-लेव्हल १९५१ला आली. मोठा बदल माझ्या मते जीसीएसईनं (सोळाव्या वर्षीची, आपल्या दहावीसारखी परीक्षा) केला, १९८८ला पहिली परीक्षा, त्यात वर्षभराच्या कामाला वजन आलं आणि तीच हवा वरच्या वर्गांत टिकली.

आताचं रूप २०१५ला शिकवायला सुरू झालेलं. ६० टक्के स्वतः निवडलेल्या विषयावरच्या कामाला, त्यात किमान १००० शब्दांचं लेखनही आलं, आणि ४० टक्के परीक्षा बोर्डानं दिलेल्या विषयाला. तो पेपर १ फेब्रुवारीपासून मुलांना देतात, मग तयारी, शेवटी देखरेखीखाली १५ तास. ते १५ तास सुरू झाले की तयारीच्या पानांत आणखी भर घालायची नाही, पण मार्क त्या पानांनाही असतात. निकष चार, वजन जवळपास सारखंच: कल्पना कशी वाढवली, साहित्य कसं वापरून बघितलं, निरीक्षणं कशी नोंदवली, आणि शेवटी स्वतःचं असं काही उभं राहिलं का. म्हणजे फायनल चित्राचा संबंध मुख्यतः चौथ्याशी, आधीचे तीन निकष स्केचबुकातच भरतात, फसलेले प्रयोग फाडून टाकलेल्या पोराचं नुकसान इथंच होतं.

तपासतात शाळेतलेच शिक्षक, मग बोर्डाचा मॉडरेटर काही कामं निवडून बघतो की शाळेनं हात सैल तर सोडला नाही ना. कोविडमुळं २०२१ आणि २०२२ला तो १५ तासांचा भागच वगळला, निकाल नुसत्या पोर्टफोलिओवर, म्हणजे स्वतः निवडलेल्या विषयावरच्या कामावर लागला.