ग्रीड दर्शन (संगणकीय आरेखन)

संगणकावर आरेखन करताना पडद्यावर ठरावीक अंतराने दिसणारी ठिपक्यांची किंवा उभ्या-आडव्या रेषांची जाळी. ही जाळी आरेखनाचा भाग नसते. तिच्या रेषा निवडता येत नाहीत, पुसता येत नाहीत आणि छापील प्रतीवर उमटत नाहीत. मापाचा अंदाज यावा, रेषा समांतर राखता याव्यात आणि वस्तू पडद्यावर किती मोठी दिसते आहे याचे भान राहावे, एवढेच तिचे काम. इमारतीच्या नकाशात स्तंभांच्या ओळी दाखवणाऱ्या, टोकाला गोलात अक्षर किंवा आकडा असलेल्या रेषांनाही ग्रीडच म्हणतात. पण त्या खऱ्या रेषा असतात, छापल्या जातात आणि प्रस्तुत नोंदीत त्यांचा विचार केलेला नाही.

ग्रीडसोबत नेहमी येणारी दुसरी सोय म्हणजे स्नॅप. ती कर्सरला ठरावीक अंतरावरच्या बिंदूंवरच थांबवते. ऑटोकॅड या संगणकीय आरेखनाच्या प्रणालीमध्ये एफ७ या कळीने ग्रीड दिसते वा लपते आणि एफ९ ने स्नॅप चालू-बंद होतो. दोन्हींची अंतरे स्वतंत्रपणे ठरवता येतात. ग्रीड १० मिमी आणि स्नॅप ५ मिमी ठेवला, तर कर्सर दोन रेषांच्या मधोमधही थांबतो. उलट ग्रीड दिसत असून स्नॅप बंद असेल, तर ४० मिमीच्या रेषेवर टेकवलेला बिंदू प्रत्यक्षात ३९.८७ वर पडलेला असू शकतो. डोळ्यांना तो फरक कळत नाही, मापरेषा टाकल्यावर कळतो. नवशिक्यांच्या आरेखनातील दशांशांचा पसारा बव्हंशी येथूनच येतो.

उगम : या जाळीची वंशावळ साधारणपणे चौकटीच्या कागदापर्यंत नेली जाते. त्यापलीकडे पंधराव्या शतकातील इटालियन विद्वान आल्बेर्ती याने १४३५ च्या सुमारास वर्णिलेला, दोऱ्यांनी चौकोन पाडलेला विरळ पडदा आणि प्राचीन ईजिप्तमधील भित्तिचित्रांखालच्या तांबड्या रेषांची चौकट यांचाही उल्लेख होतो. छापील चौकटी कागदाचे पेटंट इंग्लंडमध्ये डॉ. बक्स्टन यांनी १७९४ मध्ये घेतले, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते सावधपणेच घ्यावे. आलेख कागदाचा व्यापक वापर मात्र एकोणिसाव्या शतकातला मानला जातो.

कागदाची सवय पडद्यावर आली, ही उपपत्ती सोपी आहे, पण पुरेशी नाही. आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकावर उभी केलेली आणि १९६३ च्या प्रबंधात मांडलेली स्केचपॅड ही प्रणाली परस्परसंवादी आरेखनाचा आरंभबिंदू समजली जाते. तिच्यात अचूकतेची भिस्त जाळीवर नव्हती. प्रकाशलेखणी, म्हणजे पडद्यावर टेकवून खूण करायची लेखणी, आधीच काढलेल्या बिंदूच्या किंवा रेषेच्या जवळ आली, की ती नेमकी तेथेच आहे असे प्रणाली धरून चाले; आणि रेषा समांतर, लंब किंवा समान लांबीच्या असाव्यात अशा अटी त्यांच्यावर लादता येत. याउलट ज्या यंत्रांमध्ये निर्देशक साधन आणि पडदा दोन्ही ठरावीक पायऱ्यांनीच सरकत, तेथे बिंदूंची जाळी ही यंत्राच्या मर्यादेतूनच उगवली असण्याची शक्यता काही अभ्यासक मांडतात. दोन्ही प्रवाह मिसळले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील एरिक बिअर आणि मॉरीन स्टोन यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या ‘स्नॅप-ड्रॅगिंग’ या तंत्राने या चर्चेला वेगळे वळण दिले. ग्रीड समजायला सोपी असते, पण बिंदू फक्त जाळीच्या छेदांवरच ठेवू देते. अटी शक्तिमान असतात, पण लादायला आणि नंतर उमगायला अवघड जातात. यांच्यामधली वाट म्हणून त्यांनी पट्टी-कंपासाच्या पद्धतीने क्षणापुरत्या साहाय्यक रेषा उभ्या करून कर्सर त्यांच्याकडे ओढला जाण्याची योजना सुचवली. आजच्या प्रणालींत कर्सर हलवताना चमकून जाणाऱ्या तुटक साहाय्यक रेषांचे या कल्पनेशी जवळचे नाते आहे.

दर्शनाचे तंत्र : १९८२ च्या अखेरीस बाजारात आलेल्या ऑटोकॅडमध्ये द्विमितीय जाळी दीर्घकाळ ठिपक्यांचीच होती. कमी बिंदूंच्या पडद्यावर भरगच्च रेषांपेक्षा ठिपके सुसह्य होत, हे त्याचे एक कारण असावे. २०११ च्या आवृत्तीत ग्रिडस्टाइल हे चल, म्हणजे आकडा देऊन बदलता येणारी मांडणी, आले आणि रेषांची जाळी मिळू लागली. ज्यांचा हात ठिपक्यांवर बसला होता, त्यांनी हा बदल गोड मानून घेतला नाही. एफ७ दाबून जाळीच बंद ठेवणारे आरेखक आजही पुष्कळ आढळतात.

जाळी कुठवर दिसावी, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. ऑटोकॅडच्या मेट्रिक साच्यात, म्हणजे नव्या फाइलच्या तयार आराखड्यात, आरेखनाची सीमा मुळात ४२० × २९७, म्हणजे मिमीमध्ये ए३ कागदाएवढी असते. जाळी या सीमेपुरतीच दाखवण्याची निवड असेल, तर १२,००० मिमी लांबीचा बंगला पूर्ण मापात काढणाऱ्याला ती एका कोपऱ्यात चिमूटभर दिसते, किंवा दिसतच नाही. ग्रिडडिस्प्ले या चलाच्या किमतीत १ मिळवल्यास सीमेचे बंधन सुटते. २ मिळवल्यास झूमनुसार जाळी विरळ होते. आणि त्याच्या जोडीला ४ मिळवल्यास जवळ गेल्यावर ती मूळ अंतरापेक्षाही बारीक होऊ शकते. विरळ होण्याच्या सोयीआधी दाट जाळी पडद्यावर उमटतच नसे. ती दाखवण्यासाठी फार दाट आहे, असा संदेश तेवढा येई.

या सोयीची एक गोम आहे. दर पाचवी रेषा ठळक अशी मांडणी असताना दूर गेले, की बारीक रेषा गळतात आणि पूर्वी १० मिमी असलेला लहानात लहान चौकोन आता ५० मिमीचा असतो, पण दिसायला तसाच. चौकोन मोजून माप काढण्याची कागदावरची सवय येथे दगा देते.

मांडण्या कुठे साठवल्या जातात, यातही एकवाक्यता नाही. ऑटोकॅडमध्ये जाळीचे अंतर फाइलसोबत जाते. जाळी ठिपक्यांची की रेषांची आणि ठळक रेषा कितव्या क्रमांकावर, हे मात्र त्या-त्या संगणकावर ठरते. सॉलिडवर्क्स या यंत्रभागांच्या त्रिमितीय आरेखन-प्रणालीमध्ये जाळी दाखवण्याची निवड आणि तिचे अंतर दस्तऐवजाच्या गुणधर्मांत आहे, पण जाळीला चिकटण्याची निवड प्रणालीच्या पर्यायांत. त्यामुळे एकच फाइल दोन टेबलांवर दोन तऱ्हांनी वागते आणि दोष फाइलच्या माथी येतो.

सममितीय ग्रीड : स्नॅपचा प्रकार आयसोमेट्रिक, म्हणजे वस्तूच्या तिन्ही दिशा सारख्या कोनांत दाखवणारा, केला, की जाळीच्या रेषा ३०, ९० आणि १५० अंशांत वळतात. सरळ ठिपक्यांची रांगोळी आणि मधले ठिपके घालून काढलेली रांगोळी यांत जो फरक, तोच नेहमीच्या जाळीत आणि हिच्यात. एफ५ ने वरचे, उजवे आणि डावे प्रतल आळीपाळीने निवडता येते. अशा जाळीवर काढलेली आकृती त्रिमितीय भासली, तरी द्विमितीयच असते. वर्तुळासाठी एलिप्स या आज्ञेतील आयसोसर्कल हा पर्याय घ्यावा लागतो.

प्राचलिक आरेखनातील स्थान : १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील प्रो/इंजिनियर आणि १९९५ मधील सॉलिडवर्क्स यांच्यामुळे मापे आणि अटी यांवर चालणारे, म्हणजे प्राचलिक, आरेखन यांत्रिक क्षेत्रात रूढ झाले. तेथे आधी अंदाजाने आकृती काढायची आणि मग मापे घालून ती बांधायची, असा क्रम असतो. अशा वेळी जाळीला चिकटणे उपयोगापेक्षा अडचणीचेच अधिक ठरते. समजा, १२० × ८० मिमीच्या पट्टीवर छिद्राचे केंद्र जाळीच्या छेदावर, कडांपासून ३० आणि २० मिमीवर ठेवले. आकडे बरोबर आहेत, पण केंद्राचे कडांशी कोणतेही नाते नोंदलेले नाही. सॉलिडवर्क्समध्ये ते निळेच राहते, म्हणजे अपुरे बांधलेले, आणि माऊसने ओढले की सरकते. दोन्ही मापे घातल्यावरच काळे होते. म्हणून प्राचलिक स्केचमध्ये जाळी प्रमाणाच्या अंदाजापुरती दिसू द्यावी आणि स्नॅप बंद ठेवावा, हे मत अनुभवी आरेखकांत प्रबळ आहे व ते योग्य दिसते.

क्षेत्रपरत्वे अंतर : बांधकामात १०० मिमी हे मूलभूत मापांक धरले जाते. भारतीय मानकातील १९० × ९० × ९० मिमीची वीट सांध्यासह २०० × १०० × १०० मिमी होते आणि १०० मिमीच्या जाळीत चपखल बसते. प्रत्यक्षात महाराष्ट्रात नऊ इंची विटेची सवय गेलेली नाही; नकाशावर भिंती २३० आणि ११५ मिमीच्या येतात व जाळीचा मेळ पहिल्या खोलीतच तुटतो. अशा नकाशांत ऑफसेट आज्ञा (ठरावीक अंतरावर समांतर रेषा काढणारी) आणि ऑब्जेक्ट स्नॅप (काढलेल्या रेषांच्या टोकांना-मध्यांना चिकटणारा) यांवरच काम निभावते.

इलेक्ट्रॉनिक मंडलांच्या आरेखनात मात्र जाळी सोडून चालत नाही. घटकांच्या पायांमधले अंतर परंपरेने ०.१ इंच, म्हणजे २.५४ मिमी आहे. कायकॅड या मंडल-आरेखनाच्या प्रणालीमधील मंडलाकृतीची नेहमीची जाळी त्याच्या निम्म्या, १.२७ मिमी अंतराची असते. एखादे चिन्ह या जाळीवरून किंचित सरकले, तर तार त्याच्या पायाला टेकलेली दिसते, पण जोडलेली नसते. नियमतपासणी चालवल्यावर पाय मोकळा असल्याचा इशारा येतो.

त्रिमितीय प्रणालींत जाळी चालू कार्यप्रतलावर, म्हणजे ज्यावर त्या वेळी आकृती काढली जाते त्या प्रतलावर, पसरते आणि प्रतल बदलले की तीही बदलते. फ्रीकॅड या त्रिमितीय प्रणालीच्या स्केचर विभागात झूमनुसार अंतर आपोआप बदलण्याची सोय आहे.