पकडणं वेगळं, गिळणं वेगळं: बी पेशी आणि कॉम्प्लिमेंट रिसेप्टरची पार्श्वभूमी

आमच्या भागात सिकलसेलची घरं खूप. लेकराला न्यूमोकोकस या निमोनिया करणाऱ्या जंतूची एवढी भीती का दाखवता, असं आईबाप विचारतात, आणि खरं उत्तर द्यायला बसलं की बी पेशीवरच्या कॉम्प्लिमेंट रिसेप्टरपर्यंत जावंच लागतं. बी पेशी म्हणजे अँटिबॉडी बनवण्याच्या कामातली पांढरी पेशी, आणि रिसेप्टर म्हणजे पेशीवरची ठरावीक गोष्ट धरणारी पकड.

जुना भाग थोडक्यात. सिरम ५६ अंशाला तापवलं की त्याची जंतू फोडायची ताकद जाते, हे १८९०च्या दशकातच कळलं होतं, आणि उष्णतेनं जाणारा तो भाग म्हणजे कॉम्प्लिमेंट, रक्तातल्या प्रोटीनचा एक गट. बी पेशीतला बी कोंबडीकडून आला. तलंग साफ करताना गुदद्वाराच्या वर, पाठीच्या बाजूनं बोराएवढी पांढुरकी पिशवी लागते, चिरली की आत घड्या दिसतात, तीच बर्सा, तिच्याच नावातला हा बी. पक्षी मोठा झाला की ती आटते म्हणून म्हाताऱ्या कोंबडीत शोधून सापडत नाही. लहानपणीच बर्सा काढलेल्या कोंबड्या अँटिबॉडी नीट बनवत नाहीत हे १९५६ मध्ये छापून आलं.

माझ्या मते खरी गोष्ट १९७०च्या दशकात सुरू होते. कॉम्प्लिमेंट लागलेल्या लाल पेशी काही लिम्फोसाइटना (बी आणि टी पेशी ज्यात येतात त्या पांढऱ्या पेशींना) चारी बाजूंनी चिकटतात, मायक्रोस्कोपखाली फूल उमलल्यासारखं दिसतं, त्याला रोझेट म्हणत. बरीच वर्षं याचा उपयोग बी पेशी ओळखायची खूण एवढाच होता, ही चिकटायची सोय कशासाठी आहे ते कोडंच होतं. मग नागाचं विष मदतीला आलं. पऱ्हाटीत निघतो तोच नाग, पण माणूस मारणारं न्यूरोटॉक्सिन वेगळं आणि हे प्रोटीन वेगळं. ते शरीरात सी३बी सारखं (कॉम्प्लिमेंटमधल्या सी३ या प्रोटीनच्या तुकड्यासारखं) काम करतं, त्याला लगाम लागत नाही, आणि बघता बघता रक्तातलं सी३ संपून जातं. असं सी३ संपवलेल्या उंदरांना अँटिजन (ज्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनते तो पदार्थ) टोचलं तर अँटिबॉडी कमी बनल्या. म्हणजे जंतू फोडणं एवढंच कॉम्प्लिमेंटचं काम नव्हतं, अँटिबॉडी बनायच्या आधीच त्याचा हात लागत होता.

तो कसा लागतो? सी३ तुटून सी३बी होतं आणि अँटिजनला पक्क्या रासायनिक बंधानं चिकटतं, नंतर कातरत कातरत सी३डी एवढा तुकडा उरतो. सी३बी धरतो तो सीआर१, सी३डी धरतो तो सीआर२, म्हणजेच सीडी२१. एपस्टीन-बार व्हायरस याच सीडी२१ ला धरून बी पेशीत शिरतो हे १९८४ मध्ये कळलं. उंदरात सीआर१ आणि सीआर२ एकाच जीनमधून बनतात, माणसात जीन दोन आहेत, त्यामुळे जीन काढलेल्या उंदराचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.

आता ज्या शब्दावर इतका घोळ आहे तो. बी पेशी कॉम्प्लिमेंट रिसेप्टरनं अँटिजन "घेते" असं सगळीकडे लिहितात, पण घेणं म्हणजे नुसतं धरणं की आत ओढून, तुकडे करून टी पेशीला, म्हणजे बी पेशीला मदत करणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशीला, दाखवणं? बी पेशी आपल्या स्वतःच्या रिसेप्टरनं ओळखलेलं अँटिजन फार थोडं असलं तरी आत घेऊन दाखवते, हे १९८५ पर्यंत पक्कं झालं होतं. पुढे काही प्रयोगशाळांनी दाखवलं की सी३ चिकटलेलं असेल तर ते अँटिजन न ओळखणारी बी पेशीही डिशमध्ये ते आत घेऊन टी पेशीला दाखवू शकते. त्यावरून सीडी२१ हाच आत जायचा दुसरा दरवाजा असं मांडलं गेलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की सीडी२१ एकटा आत ओढण्यात कच्चा आहे, तो सीडी१९ आणि सीडी८१ या पेशीवरच्याच दुसऱ्या प्रोटीनना धरून बसतो आणि बी पेशीच्या रिसेप्टरचा इशारा मोठा करतो, म्हणून त्याला को-रिसेप्टर म्हणा. मला हेच जास्त पटतं. डिशमध्ये होतं ते शरीरात त्याच प्रमाणात होतं असं धरणं मला घाईचं वाटतं, आणि "घेते" या एका शब्दानं शिकणाऱ्या मुलांच्या डोक्यात दोन्ही कामं एक होऊन बसतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

१९९६ चा प्रयोग याच बाजूचा. अंड्याच्या पांढऱ्यातल्या लायसोझाइमला सी३डीच्या दोन प्रती जोडल्या तर उंदरात अँटिबॉडी बनवायची त्याची ताकद हजारपट, तीन जोडल्या तर दहा हजारपट वाढली. अँटिजन तेच, फक्त सी३डी जोडलेलं, आणि एकाच वेळी बी पेशीचा स्वतःचा रिसेप्टर आणि सीडी२१ दोन्ही ओढले गेले.

२००७ मध्ये तर जिवंत उंदराच्या लिम्फ नोडमध्ये हे डोळ्यानं दिसलं. कडेच्या मॅक्रोफेजकडून (जंतू गिळणाऱ्या पेशींकडून) कॉम्प्लिमेंट लागलेलं अँटिजन उचलून बी पेशी आत फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशींपर्यंत (अँटिजन धरून ठेवणाऱ्या पेशींपर्यंत) नेऊन देत होत्या, आणि त्या बी पेशींना ते अँटिजन ओळखूही येत नव्हतं. बाजार समितीतला हमाल पोतं पाठीवर घेतो, थप्पीला लावतो, घरी नेत नाही, तसंच हे. त्या डेंड्रिटिक पेशीही सीआर२ नंच ते धरून ठेवतात, मग ज्या बी पेशीला ते ओळखू येतं ती येऊन तिथून आपल्या रिसेप्टरनं उचलते.

सीडी२१ सगळ्यात जास्त असतो तो प्लीहेच्या मार्जिनल झोन या भागातल्या बी पेशींवर. न्यूमोकोकसच्या साखरेच्या कवचाला सी३डी लागलं की रक्तातून ते पकडणाऱ्या या पेशी, आणि सिकलसेलमध्ये प्लीहेचा रक्तपुरवठा पुन्हा पुन्हा अडून ती लहानपणीच निकामी होत जाते. दोन वर्षांच्या आतल्या निरोगी लेकरातही या पेशींवर सीडी२१ कमी असतो, नुसत्या कवचाच्या साखरेची लस त्या वयात नीट लागू न पडण्याचं ते एक कारण. म्हणून साखर प्रोटीनला जोडलेली लस लागते, तिला टी पेशींची मदत मिळते. ती लस, म्हणजे पीसीव्ही, आपल्या सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२१ मध्ये देशभर झाली. सिकलसेलच्या लेकराला तिच्यासोबत पेनिसिलिनही डॉक्टर सांगतील तितकी वर्षं चालू ठेवावं लागतं.