हिमझो पोलोविना: बोस्नियाचा गाणारा डॉक्टर

युनेस्कोने २०२४ मध्ये बोस्नियाची ‘सेवदालिंका’ अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. ऑटोमन अमलाखालच्या शहरांत, मोहल्ल्यांत रुजलेली ही प्रेमाची, विरहाची गाणी. आधी सोबतीला साझ हे लांब दांड्याचं तंतुवाद्य असे. १८७८ मध्ये ऑस्ट्रियाचा अंमल आला, मग अकॉर्डियनही आलं. रेडिओ सारायेवो १९४५ मध्ये सुरू झाला आणि घरोघरीची गाणी देशभर पोचली.

हिमझो पोलोविना याच रेडिओचे गायक. जन्म १९२७, बोस्नियातल्या मोस्तार शहरातला. पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. रेडिओवर नाव झालं तरी डॉक्टरकी सोडली नाही. गाणं संथ, आवाज न चढवता, शब्द न शब्द कळेल असं. जुनी गाणी ते शोधून, जाणत्यांकडून ऐकून घेत.

गंमत अशी, की त्यांची सर्वांत गाजलेली दोन ‘लोकगीतं’ मुळात लोकगीतं नाहीतच. दोन्ही मोस्तारचा सर्ब (ख्रिस्ती) कवी अलेक्सा शांतिच याच्या लेखणीतून आलेली. पैकी कारंज्याकाठचं गाणं तर जर्मन कवी हाइनेच्या कवितेचा अनुवाद! सुलतानाची मुलगी रोज संध्याकाळी कारंज्याकाठी येते, तिथे उभा असलेला गुलाम दिवसेंदिवस फिकट पडत जातो. ती नाव-गाव विचारते. तो सांगतो, मी प्रेमापायी जीव देणाऱ्या कुळातला.

दुसरं ‘एमिना’, १९०२ मधलं. हमामातून परतताना कवीला इमामाच्या बागेत, जाईच्या सावलीत, हातात झारी घेतलेली एमिना दिसते. तो सलाम करतो. ती ढुंकूनही पाहत नाही. ही एमिना खरीखुरी, शेजारचीच. ती वारल्याची बातमी पोलोविनांनी कवयित्री सेव्दा कातित्सा यांना दिली आणि त्यांनी तिथल्या तिथे नव्या ओळी रचल्या, असं सांगतात: म्हातारा कवी गेला, एमिनाही गेली, बाग ओस पडली, गाणं मात्र मरणार नाही. पोलोविनांनी त्या गाण्यात गायल्या. सर्ब कवी, मुसलमान नायिका, मुसलमान गायक. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पुढे १९९२ च्या युद्धात याच मोस्तारची फाळणी झाली.

ते पाहायला पोलोविना नव्हते. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मोंटेनेग्रोतल्या प्लाव गावी ते वारले. त्यांच्याच पिढीतले गायक झाइम इमामोविच यांचा नातू दामिर आज हीच परंपरा जगभर गातो.