लिव्हर, दारू आणि पऱ्हाटीचा धूर

मोठीमायच्या सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड 1’ असं आलं आणि घरात दोन दिवस कुजबुज चालली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या खेड्यात लिव्हर म्हटलं की लोकांना मोहाची दारूच आठवते. मोठीमाय रडकुंडीला आलेली. “म्या त् आजवर थेंब तोंडाला नाही लावला, मंग लिव्हर कावून खराब झालं?”

तिला साखर आहे, पोटावर चरबी आहे. यकृतात चरबी साठायला एवढं पुरतं, दारू लागतच नाही. 2023 मध्ये तज्ज्ञांनी या आजाराचं नावच बदललं आणि त्यात चयापचयाचा बिघाड हा शब्द घातला, तो याचसाठी. पण मी तिच्या स्वयंपाकघरात बसून हे समजावत होतो, तेव्हा चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पेटलेली होती आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी गळत होतं. चुलीवरच्या पत्र्यावर बोट फिरवलं तर काजळीची चिकट पापडी नखात आली. चाळीस वर्षं हा धूर आत घेणारीच्या यकृताबद्दल बोलताना धुराला कसं वगळायचं?

धूर छातीत जातो हे पोरांनाही माहीत आहे. तो यकृतात कसा पोचतो, ते बघू.

माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रोमीटर जाड. धुरातले जे कण त्रास देतात ते 2.5 मायक्रोमीटरपेक्षाही बारीक. नाक आणि घसा जाड धूळ अडवतात. अडवलेली ती धूळ कफाबरोबर वर येते, आपण नकळत गिळतो आणि ती आतड्यात जाते. आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून थेट यकृतात उतरतं. दुसरी वाट आणखी सरळ आहे. अगदी बारीक कण फुफ्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांची भिंत ओलांडून रक्तातच शिरतात. 2017 मध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी 14 निरोगी माणसांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण हवेतून दिले. सोनं अशासाठी, की रक्तात ते सापडलं तर बाहेरून आलं यात वाद राहत नाही. काहींच्या रक्तात ते 15 मिनिटांत दिसलं आणि तीन महिन्यांनंतरही सापडत होतं.

यकृतातून मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त वाहतं, तेही चिंचोळ्या गाळ्यांमधून, अगदी सावकाश. ओढ्याची धार जिथे अरुंद होते तिथेच मासे धरायला जाळं लावतात ना, तशा या गाळ्यांच्या भिंतींना चिकटून कुप्फर पेशी बसलेल्या असतात. शरीरातल्या ठाण मांडून बसणाऱ्या भक्षक पेशींपैकी 80 टक्के किंवा जास्त एकट्या यकृतात आहेत. जंतू असो की काजळी, दिसलं की गिळायचं.

इथे सोन्याचीच आणखी एक गंमत. 1876 मध्ये कार्ल कुप्फर हा जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ यकृतातल्या नसा शोधत होता. त्यासाठी त्याने यकृताचे काप सोन्याच्या क्षारात भिजवले आणि त्याला चांदणीसारख्या पेशी दिसल्या. पुढे त्यानेच त्यांची भक्षक पेशींशी गल्लत केली. जपानच्या केन्जिरो वाके यांनी 1971 मध्ये हा गुंता सोडवला: चांदणीपेशी वेगळ्या, त्या जीवनसत्त्व अ साठवतात. म्हणजे कुप्फरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी त्याने सोन्यात पाहिलेल्या पेशी नव्हेतच! मला हा किस्सा इतका आवडतो की वर्गात सांगताना तास संपतो.

आता दोन्ही पेशींचा धुराशी संबंध. जंतू गिळला की पचतो, काजळी पचत नाही. कुप्फर पेशी चिडते. तिच्या पृष्ठभागावरचा टीएलआर-4 हा ग्राहक (धोका ओळखणारं प्रथिन) जागा होतो आणि ती टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-6 असे दाहाचे निरोप सोडते. शेजारच्या यकृतपेशीत त्यामुळे जेएनके हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि ते इन्सुलिनच्या संदेशवाहक प्रथिनावर नको त्या जागी फॉस्फेट चिकटवतं. इन्सुलिन दारात उभं, पण आत कुणी ऐकत नाही. साखर आणि चरबीचा हिशेब चुकतो, चरबी साठते. दाह चालूच राहिला तर चांदणीपेशी आपलं जीवनसत्त्व टाकून कोलॅजेनचे धागे विणू लागतात. यकृत निबर होतं ते असं.

2013 च्या एका प्रयोगात उंदरांना असे कण असलेल्या हवेत ठेवलं. तीन आठवड्यांत फारसं काही दिसलं नाही, दहा आठवड्यांत चरबी, दाह आणि धागे तिन्ही दिसले. नैऋत्य चीनमधल्या सुमारे 90 हजार लोकांच्या पाहणीत जास्त प्रदूषित हवा आणि फॅटी लिव्हर सोबत आढळले. सोबत आढळणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे, आणि मोठीमायच्या बाबतीत साखरच मोठी आरोपी आहे. धूर तिचा साथीदार.

जागतिक आरोग्य संघटना या कणांसाठी घनमीटरला वर्षाची सरासरी 5 मायक्रोग्रॅम सांगते, आपलं सरकारी मानक 40. चुलीपुढे स्वयंपाकाच्या वेळी आकडा शेकड्यांत जातो. बाहेर कोळशाचे ट्रक, पलीकडे चंद्रपूरचं 2920 मेगावॅटचं वीजकेंद्र. चर्चा मात्र बाहेरच्या धुराचीच होते.

यकृताचं दुखणं म्हटलं की गावात कावीळ उतरवणाराही आठवतोच. चुन्याच्या पाण्यात रोग्याचे हात धुतले की पाणी पिवळं होतं, म्हणजे कावीळ उतरली म्हणे. हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आधीच चोळलेला असतो, चुना त्याला पिवळं करतो. कुणाचेही हात धुवा, पिवळंच होईल. शहरातले ‘लिव्हर डिटॉक्स’चे काढे विकणारे याचेच भाऊबंद, फक्त बाटली देखणी.

मोठीमायकडे सिलिंडर आहे, चहापुरता. भाकरी चुलीवरचीच लागते, आणि उन्हाळ्यात रचलेली पऱ्हाटीची गंजी आढ्याला टेकलेली असताना गॅस कोण जाळेल? शेवटी दिवाळीत मी पत्रा कापून चुलीवर धुराडं बसवून दिलं. आठ दिवसांनी फोन आला.

“धूर गेला बापा, पण आता मच्छर लय झाले.”