खाडीतील हौशी गळमासेमारी : साधने आणि आमिष

भरती-ओहोटीच्या मचूळ पाण्यात गळ, दोरा व आमिष वापरून विरंगुळ्यासाठी केलेली मासेमारी. ती काठावरून, धक्क्यावरून, उथळ पाण्यात उभे राहून किंवा लहान होडीतून केली जाते. जाळी, सापळे व व्यावसायिक पद्धती यांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

खाडीची वरची हद्द कोठे मानावी, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. डोनाल्ड प्रिचर्ड (१९६७) यांच्या व्याख्येनुसार खाडी म्हणजे खुल्या समुद्राशी जोडलेला असा अर्धबंदिस्त जलाशय, की ज्यातील समुद्रजल जमिनीवरून आलेल्या गोड्या पाण्यामुळे मोजता येईल इतके विरल झालेले असते. या दृष्टीने क्षारता संपते तेथे खाडी संपते. रोड्स फेअरब्रिज (१९८०) यांनी मात्र भरतीचा चढ जेथवर जाणवतो तेथवरचे नदीखोरे खाडीत धरले आहे. गळ टाकणाऱ्यास दुसरी भूमिका अधिक उपयोगी पडते. पाणी गोडे असलेल्या वरच्या पट्ट्यातही भरतीबरोबर प्रवाह मंदावतो व पातळी चढते आणि बोय, जिताडा यांसारखे मासे तेथपर्यंत जातात. प्रिचर्ड यांचा क्षारतेवरील भर मात्र वेगळ्या कारणाने लक्षात ठेवावा लागतो. समुद्राचे पाणी (घनमीटरला सुमारे १,०२५ किग्रॅ.) गोड्या पाण्याहून जड असल्यामुळे पुष्कळ खाड्यांत ते तळाशी पाचरीच्या आकारात शिरते व गोडे पाणी त्यावरून वाहते. मोठ्या पावसानंतर वरचे पाणी गढूळ व गोडे दिसत असले, तरी खोल भागाच्या तळाशी खारा थर टिकून असू शकतो व समुद्री मासे त्याच्या आश्रयाने राहतात. अशा दिवशी फ्लोट (आमिष पाण्यात वरच्या थरात धरणारा तरंगता तुकडा) काढून आमिष तळाशी सोडावे.

गळ : सर्व साधनांत जुने व निर्णायक साधन हेच. गळाच्या उगमाचा प्रश्न अजून खुला आहे. जपानमधील ओकिनावा बेटावरच्या साकितारी गुहेत सागरी गोगलगाईच्या कवचापासून घासून बनविलेले गळ सापडले (प्रसिद्धी २०१६); त्यांचा काळ सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचा ठरविण्यात आला आहे. पूर्व तिमोरमधील जेरिमलाई येथील कवचाच्या गळालाही (प्रसिद्धी २०११) काही वेळा सर्वांत जुन्याचा मान दिला जातो. पण त्याच्यासाठी १६,००० ते २३,००० वर्षे अशी बरीच सैल मर्यादा दिली जाते. कालनिश्चितीच्या काटेकोरपणामुळे साकितारीचा दावा तूर्त अधिक भक्कम वाटतो. जॉर्डन नदीकाठच्या एका उत्खननातील हाडाच्या १९ गळांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे गळ १२,००० वर्षांहून जुने आहेत. ते निरनिराळ्या आकारांचे असून त्यांच्यासोबत खाचा पाडलेले गोटे मिळाले. हे गोटे वजन म्हणून वापरले जात असावेत. माशागणिक गळ बदलण्याची रीत त्या काळीही रूढ असावी, हा तर्क त्यावरून योग्य वाटतो. आमिषाच्या निवडीचा लेखी पुरावा बराच नंतरचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात समुद्रातले व नदीतले मासे वेगळे करून त्यांची आमिषे सांगितली आहेत. ग्रंथाचा काळ ११२७ पासून ११३१ पर्यंत वेगवेगळा दिला जातो. त्यात शके १०५१ चा निर्देश असल्यामुळे ११२९ च्या आसपासचा काळ अधिक संभवनीय आहे.

आजच्या गळांच्या क्रमांकांनी नवशिक्याचा गोंधळ होतो. साध्या क्रमांकांत आकडा वाढेल तसा गळ लहान होतो (६ क्रमांकाचा गळ २ क्रमांकाच्या गळाहून लहान). ‘१/०’पासून पुढे मात्र आकडा वाढेल तसा गळ मोठा होतो. सर्व उत्पादकांना बांधणारे प्रमाण नसल्याने एकाचा २/० दुसऱ्याच्या ३/० एवढा भरू शकतो. म्हणून खरेदी करताना आकड्यापेक्षा टोक व दांडा यांमधील अंतर पाहावे. बोय किंवा ब्रीम यांसारख्या लहान तोंडाच्या माशांना ६ ते २ आणि जिताडा, तांबोशी यांसारख्या शिकारी माशांना १/० ते ५/० हा पल्ला साधारणपणे पुरतो.

आकाराच्या दृष्टीने सरळ टोकाचा इंग्रजी ‘जे’सारखा गळ आणि टोक दांड्याकडे काटकोनात वळलेला वर्तुळगळ हे दोन मुख्य प्रकार होत. वर्तुळगळाचे कार्य समजून न घेता वापर केल्यास तो निरुपयोगी वाटतो. मासा आमिष गिळून वळला की हा गळ घशात न रुतता सरकत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्याशी फिरून तेथे अडकतो. म्हणून काठीला हिसका द्यायचा नसतो. दोरा ताणला गेला की सावकाश रीळ फिरवावे. हिसका दिल्यास गळ तोंडातून तसाच निसटतो. आमिष मोठे लावून टोकाजवळची फट बुजवली, तरी तेच होते. स्टीव्हन कुक व कोरी सस्की यांनी २००४ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सोडून दिलेल्या माशांची मरतूक वर्तुळगळाने एकंदरीत कमी होत असल्याचे दिसले. मात्र काही जातींत हा फायदा आढळला नाही. टोक बाजूला बरेच वळवलेले असल्यास फायदा घटतो, हेही नमूद केले पाहिजे. सोडून द्यायचेच असेल, तर गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाकणे श्रेयस्कर.

दोरा व वजन : नायलॉनचा शोध १९३५ मध्ये लागला व त्या दशकाच्या अखेरीस एकपदरी नायलॉन दोरा बाजारात आला. तंगूस म्हणून ओळखला जाणारा हा दोरा बराच ताणला जातो, त्यामुळे माशाचे धक्के सोसतो. पण पाणी शोषल्यावर त्याचे बळ थोडे घटते व उन्हाने तो जुना होतो. पॉलिएथिलिनचा विणलेला दोरा तेवढ्याच बळाला खूप बारीक असतो, जवळजवळ ताणत नाही आणि हलका ठोकाही हातापर्यंत पोचवतो. बारीक दोऱ्यावर प्रवाहाचा दाब कमी पडतो, हा खाडीत त्याचा खरा लाभ. कालवांची कवचे, खडक व कांदळवनाच्या मुळांवर घासला तर मात्र तो चटकन तुटतो. म्हणून त्याच्या टोकाला हातभर ते वावभर जाड लीडर (मुख्य दोरा व गळ यांमधला दोऱ्याचा तुकडा) जोडावा. लीडरसाठी फ्लुओरोकार्बन चांगला. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण (सुमारे १.४२), नायलॉनपेक्षा पाण्याच्या (१.३३) जवळ असल्याने तो कमी दिसतो, शिवाय तो जड असून घर्षण सोसतो. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाच्या उष्णतेने कमजोर होते.

आमिष जागेवर राहील इतके हलक्यात हलके वजन लावणे, हा खाडीतील सर्वांत उपयुक्त नियम होय. भरतीच्या मध्यास प्रवाह जोरात असतो तेव्हा वजन वाढवावे आणि पाणी थांबत आले की उतरवावे; दिवसभर एकच वजन ठेवणाऱ्याचे आमिष निम्मा वेळ चिखलात रुतलेले किंवा वाहत जाणारे असते. दोऱ्यावर सरकणारे गोल वजन, त्याखाली फिरकी कडी व मग लीडर ही जोडणी बहुतेक ठिकाणी चालते, कारण मासा आमिष ओढतो तेव्हा त्याला वजनाचा भार जाणवत नाही. वाळूच्या तळावर चौकोनी पिरॅमिडचे वजन रोवून बसते. खडकाळ तळावर तेच अडकते. वजनासाठी शिसे (घनता पाण्याच्या सुमारे ११.३ पट) सोयीचे, पण विषारी आहे. गळासोबतची शिशाची वजने गिळून हंस मरतात असे आढळल्यावर ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली. टंगस्टन (१९.३ पट) शिशाहून लहान आकारात तेवढेच वजन देते, पोलाद व कथील तुलनेने हलके असले तरी निर्धोक आहेत.

काठी व रीळ : दोन ते पावणेतीन मीटरची मध्यम लवचीक काठी, मध्यम आकाराचे स्थिर रिळाचे यंत्र (दोरा फेकताना ज्याचे रीळ स्वतः फिरत नाही असे) आणि ३ ते ७ किग्रॅ. बळाचा दोरा एवढ्यावर बहुतेक काम भागते. स्थिर रिळाच्या यंत्राचे पेटंट आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये घेतले. ड्रॅग (मासा ओढू लागल्यावर रिळावरून दोरा सुटू देणारा रोध) दोऱ्याच्या बळाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ठेवावा. घरी परतल्यावर साधने गोड्या पाण्याच्या हलक्या शिडकाव्याने धुवावीत. जोराच्या धारेने मीठ उलट आत शिरते.

आमिष : त्याच खाडीत मिळणारे ताजे आमिष बाहेरून आणलेल्यापेक्षा बहुधा सरस ठरते. जिवंत कोळंबी शेपटीच्या शेवटून दुसऱ्या खंडातून किंवा डोक्यावरील काट्याखालून ओवतात. डोक्यातील गडद ठिपक्याला गळ लागला तर ती लगेच मरते. मेलेली कोळंबी शेपटीकडून गळावर सरळ चढवावी. वाकडी बसल्यास प्रवाहात गरगर फिरून दोऱ्याला पीळ घालते. चिखलातील खंडयुक्त कृमी समुद्राच्या पाण्याने किंचित ओलावलेल्या कागदात, थंड जागी, तुटके वेगळे काढून ठेवावेत. गोडे पाणी लागल्यास ते मरतात. कात टाकण्याच्या बेतातील खेकडा तळावरच्या अनेक माशांना प्रिय असतो. शिंपल्याचे मऊ मांस लवचीक दोऱ्याने गळाला गुंडाळावे, नाहीतर फेकतानाच सुटते. माकुळाची पट्टी चिवट असते. लहान माशांच्या टोचण्यांपुढे ती टिकते. बोयीला पिठाचा गोळा चालतो. कृमी काढण्यासाठी खणलेला खड्डा लगेच बुजवावा, म्हणजे तळावरील इतर जीव लवकर सावरतात.

काळ : उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी पूर्ण जोरात येते, तेव्हा पाणी गढूळ व प्रवाह वेगवान असतो. भांगाच्या (अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या कमी चढ-उताराच्या भरतीच्या) दिवसांत हलक्या साधनांनी काम होते. ओहोटीत लहान ओहोळांच्या तोंडाशी आमिष टाकावे, कारण चिखलावरून परतणारी कोळंबी व माशांची पिल्ले तेथूनच बाहेर पडतात आणि शिकारी मासे तेथे दबा धरून असतात.

माशाची हाताळणी व सुरक्षा : सोडायचा मासा ओल्या हातांनी, शक्यतो पाण्यातच धरावा. गळ खोल गेला असल्यास उपसण्याऐवजी दोरा तोंडाजवळ कापावा. जगण्याची शक्यता त्यानेच अधिक राहते. किमान आकार, बंदीचा काळ व परवाना यांचे नियम जागेनुसार बदलतात. चढत्या भरतीत परतीची वाट आधी पाहून ठेवावी. वीज चमकत असताना किंवा विद्युततारांखाली कार्बनची काठी उभी धरू नये. उथळ पाण्यात पाय घासत चालावे, म्हणजे तळावरील पाकट बाजूला सरकते. पाकट किंवा शिंगाळा यांचा काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम (सुमारे ४५° से.) पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, काट्याचा तुकडा आत राहिल्यास किंवा छाती-पोटाला इजा झाल्यास तातडीने वैद्यकीय उपचार घ्यावेत.