व्हिडिओतली हालचाल एआयकडून तपासून घ्यायचीय? आधी फ्रेम नीट काढा

व्हिडिओतून फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, काढून एआयसाठी तयार करायचं काम आम्ही करतो. आमच्याकडे व्हिडिओ पाठवणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो की एआय असिस्टंटला डायरेक्ट व्हिडिओच दिला तर काय बिघडलं, फ्रेम काढायची भानगड कशाला. तर बरेच असिस्टंट व्हिडिओ घेतच नाहीत, फक्त फोटो घेतात, आणि जे घेतात तेसुद्धा अख्खा व्हिडिओ बघत नाहीत, ठराविक अंतराने त्यातल्या फ्रेम उचलतात. गूगलच्या जेमिनीचंच घ्या, डिफॉल्ट सेटिंग सेकंदाला १ फ्रेम असं आहे. भाषण, मीटिंग असल्या व्हिडिओला तेवढं चालून जातं. पण पळताना पाऊल जमिनीला टेकलेलं असतं ते साधारण पाव सेकंद, जोरात पळणाऱ्याचं त्याहूनही कमी, मग टाच आधी टेकली की पंजा हे सेकंदाला १ फ्रेममध्ये सापडणार कसं? आणि तरी असिस्टंट उत्तर देतोच, अगदी ठामपणे देतो, कारण दोन फ्रेमच्या मधलं त्याने अंदाजाने भरलेलं असतं. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

म्हणून आम्ही काम घेताना आधी विचारतो की तुम्हाला नक्की काय बघायचंय. १८७८ मध्ये मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने धावत्या घोड्याचे फोटो काढले तेव्हा प्रश्न एकच होता, घोड्याचे चारही पाय एका वेळी हवेत असतात का, आणि त्यासाठी त्याने १२ कॅमेरे ओळीने लावले, घोडा पुढे जाईल तशा तारा ओढल्या जाऊन एकेक कॅमेरा फोटो काढायचा. चारही पाय हवेत असलेला फोटो मिळाला आणि वाद मिटला. प्रश्न पक्का असला की फ्रेम किती आणि कुठून काढायच्या हे आपोआप ठरतं.

गणित सोपं आहे. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत दर ३३ मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे पाव सेकंदाच्या पावलाला ७-८ फ्रेम मिळतात. सेकंदाला १० फ्रेम काढल्या तर २ किंवा ३, त्यात टेकण्याचा क्षण हुकला तर हुकला. ॲपमधलं बटण दाबल्यावर ३०० मिलिसेकंदाचं ॲनिमेशन मधेच अडखळतंय अशी तक्रार असेल तर ६० फ्रेमचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा, १८ फ्रेम मिळतील आणि अडखळतंय कुठे ते दिसेल. आमचा अंदाज असा की जी हालचाल तपासायचीय तिच्या वाट्याला निदान ८-१० फ्रेम याव्यात, त्याहून कमीत खात्रीने बोलू नये. फिरणाऱ्या वस्तूंना तर जास्तच जपावं लागतं, चाक सेकंदाला बरोबर १० फेरे घेतंय आणि तुम्ही १० फ्रेम काढल्या तर प्रत्येक फ्रेममध्ये चाक त्याच जागी, म्हणजे थांबलेलंच दिसणार, आणि एआय तसंच सांगणार.

पण म्हणून २ मिनिटांच्या व्हिडिओच्या सगळ्या ३६०० फ्रेम ओतायच्या असंही नाही. एका वेळी किती फोटो घ्यायचे याला लिमिट असतं आणि कामाच्या ४ फ्रेम त्या ढिगात हरवतात. आम्ही आधी विरळ फ्रेम काढून हालचाल कुठे आहे ते शोधतो, मग तेवढेच २-३ सेकंद दाट काढतो. हे तुम्ही घरीही करू शकता, एफएफएमपेग नावाचं फुकट टूल आहे, त्यात सुरुवातीची वेळ, किती सेकंद आणि सेकंदाला किती फ्रेम एवढं सांगितलं की झालं.

प्रत्येक फ्रेमवर वेळ छापलेली असणं फार गरजेचं आहे. कित्येक मोबाईल शूटिंग करताना फ्रेम रेट सारखा ठेवत नाहीत, उजेड कमी झाला की फ्रेम लांबतात, त्यामुळे फ्रेमचा नंबर भागिले ३० करून काढलेली वेळ चुकू शकते आणि मग वेगाचा हिशोबच कोसळतो. आम्ही फाईलमध्ये नोंदलेली खरी वेळ घेऊन फ्रेमच्या कोपऱ्यात टाकतो, फाईलला ०००१, ०००२ असे नंबर देतो म्हणजे क्रम बिघडत नाही. ८-१० फ्रेम एकाच फोटोत चौकटी करून दिल्या तर क्रम एआयला पटकन कळतो, पण मोठा फोटो बरेच असिस्टंट आत घेताना लहान करतात, मग प्रत्येक चौकटीतली बारीक गोष्ट जाते, त्यामुळे पाऊल किंवा मनगट बघायचं असेल तर आधी तेवढाच भाग क्रॉप करायचा.

विचारताना एआयला स्पष्ट सांगा की या सलग फ्रेम आहेत, मधलं अंतर इतकं आहे, आणि प्रत्येक निष्कर्षासोबत फ्रेमचा नंबर दे. नंबर आला की ती फ्रेम स्वतः उघडून बघा. तिथे तसं दिसत नसेल तर ते उत्तर सोडून द्या, किती का छान लिहिलेलं असेना.

एक गोष्ट मात्र फ्रेम काढून सुधारत नाही, ती म्हणजे शूटिंग. कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि हलणारा हात नुसता पुसट पट्टा होतो, त्यात बोटं शोधायला गेलात तर एआय बोटं रचून सांगेल. भरपूर उजेड, कॅमेरा स्टँडवर आणि जमलं तर १२० किंवा २४० फ्रेमचा स्लो मोशन, एवढं सांभाळा. स्लो मोशन असेल तर आम्हाला तसं कळवा, नाहीतर वेळ चौपट-आठपट चुकते.

व्हिडिओ पाठवताना मूळ फाईलच पाठवा, चॅटवर फॉरवर्ड झालेली नको, ती दाबून लहान केलेली असते. सोबत काय बघायचंय ते एका ओळीत लिहा आणि कुणाचा चेहरा, गाडीचा नंबर, स्क्रीनवरचा पासवर्ड असं काही दिसत असेल तर तेही सांगा, फ्रेम बाहेर जायच्या आधी तेवढा भाग आम्ही झाकतो.