डाग कधी पडला? ग्रंज आणि व्हिंटेज यांची नेहमीची गल्लत

गेल्या महिन्यात एक मुलगी पोस्टरची फाईल दाखवायला आली. कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत गाण्यांचा कार्यक्रम होता आणि क्लायंटने 'ग्रंज लूक' मागितला होता, म्हणजे मुद्दाम ओबडधोबड, बिघडल्यासारखी दिसणारी धाटणी. पोस्टरमध्ये बँडचं नाव बरोबर मधोमध, खाली तारीख-वेळ, दोन्ही बाजूंना मोजून सारखी जागा. या सगळ्यावर करड्या ओरखड्यांचं एक टेक्स्चर मल्टिप्लाय करून (म्हणजे खालचं दिसत राहील असं मिसळून) पसरलेलं आणि चारही कोपरे काळे केलेले. क्लायंट म्हणाला होता, "हे जुनं वाटतंय, ग्रंज नाही वाटत." तिला ते लागलं होतं, कारण डाउनलोड केलेल्या टेक्स्चरच्या नावातच 'ग्रंज' होतं.

क्लायंटचं बरोबर होतं. त्याला कारण सांगता आलं नाही, एवढंच. हीच फाईल मी वेगवेगळ्या हातांनी केलेली दर दोन-तीन महिन्यांनी बघतो, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

व्हिंटेज काय ते तुम्हाला ठाऊक आहे. नाशिकमधल्या मिसळीच्या हॉटेलांचे निम्मे बोर्ड त्याच धाटणीचे असतात: तपकिरी कागद, झिजलेल्या कडा, बारीक नक्षीची चौकट, लाकडी पाटीवर रंग उडालेली अक्षरं. त्यावर जास्त बोलत नाही. रंगावरून फरक करायला जाऊ नका, दोन्हींत मातकट आणि काळा चालतो. फाँटवरूनही नको, टाइपरायटरची अक्षरं दोन्हीकडे सापडतात. सगळा घोळ एकाच ठिकाणी होतो, आणि तो म्हणजे डाग कधी पडला हे कुणी विचारत नाही.

आपण नाशिककर आहोत, तर नोटेचंच उदाहरण घेऊ. नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आहे, करन्सी नोट प्रेस १९२८ पासून. आता दोन नोटा डोळ्यांसमोर आणा. पहिली हजार हातांतून फिरलेली: मऊ पडलेली, घडीवर पांढरी झालेली, कोपऱ्याला हळदीचा डाग. तिची छपाई अगदी जिथल्या तिथे आहे. काळाने जे केलं ते छपाई पूर्ण झाल्यावर, वरून केलं. दुसरी नोट कोरी करकरीत, पण मशीनवरच बिघडलेली: कागद दुमडून आत गेला म्हणून चित्राचा तुकडा भलतीकडे उमटला, नंबर तिरपा बसला. अशी नोट प्रेसमध्येच बाद होते, चुकून एखादी बाहेर पडली तर संग्राहक ती जपून ठेवतात. पहिली नोट म्हणजे व्हिंटेज. ग्रंजचं नातं दुसरीशी आहे. तिथे बिघाड बनण्याच्या क्षणी शिरलेला असतो, आणि तो पुसून खालची नीटनेटकी नोट बाहेर काढता येत नाही, कारण तशी नोट खाली कधी नव्हतीच.

ग्रंजची सुरुवातीची कामं बघितली की हे पटतं. बॅरी डेक या डिझायनरचा टेम्प्लेट गॉथिक हा १९९० चा फाँट त्या काळात अमेरिकेत सगळीकडे दिसायचा. तो एका लाँड्रीतल्या पाटीवरून सुचला. पाटी जुनी होती म्हणून नव्हे, तर कुणीतरी स्टेन्सिलपट्टी ठेवून अक्षरं काढली होती आणि हत्याराचा अडाणीपणा रेघेत उतरला होता म्हणून. १९९१ चा ट्रिक्सी फाँट खऱ्या टाइपरायटरच्या मळक्या ठशांवरून घेतलेला. रिबिनीची शाई कुठे जास्त कुठे कमी, कडा पसरलेल्या. हाही टाइप होतानाचाच दोष. सिएटलमध्ये आर्ट चँट्री हा डिझायनर संगीताची पोस्टरं हाताने, कात्री आणि कॉपी मशीनवर करायचा, कारण पैसे नसायचे आणि काम उद्या हवं असायचं. आणि फोटोशॉपमध्ये लेयर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे वेगवेगळे थर, आले १९९४ साली. म्हणजे ज्या शैलीची नक्कल आपण 'वरून एक लेयर टाकून' करतो, ती लेयर नसतानाच उभी राहिली होती.

डेव्हिड कार्सन या अमेरिकन डिझायनरचं नाव घेतल्याशिवाय या विषयावर कुणी बोलत नाही. 'रे गन' हे संगीताचं मासिक १९९२ मध्ये सुरू झालं आणि पहिली तीन वर्षं त्याची मांडणी कार्सनने सांभाळली. आपल्याकडे त्याच्याबद्दल एक समज पक्का बसला आहे की तो अक्षरं कशीही फेकायचा. हे मला मनापासून खटकतं. १९९४ मध्ये त्याने ब्रायन फेरी या गायकाची अख्खी मुलाखत झाफ डिंगबॅट्समध्ये लावली, म्हणजे अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं. मुलाखत त्याला कंटाळवाणी वाटली होती. हा निर्णय पटो न पटो, त्यामागे मजकूर वाचून झालेलं मत होतं. मजकूर न वाचता नाव तिरकं करणं आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता परीक्षा. तुमच्या फाईलमधले टेक्स्चरचे सगळे लेयर बंद करा. खाली व्यवस्थित, मधोमध लावलेलं, लग्नपत्रिकेसारखं सुबक डिझाईन दिसलं तर तुम्ही व्हिंटेज केलं आहे, नाव काहीही द्या. टेक्स्चर काढल्यावर डिझाईनच अर्धवट वाटलं, एखादा शब्द अडखळला, मोठी पोकळी पडली, तर तुम्ही ग्रंजच्या वाटेवर आहात. त्या मुलीने माझ्यासमोर लेयर बंद केले आणि पोस्टर पहिल्यापेक्षा बरं दिसायला लागलं.

प्रेरणा कुठे शोधायची हेही इथूनच ठरतं. व्हिंटेजसाठी लोक गोदाघाटावर फोटो काढत फिरतात, ते योग्यच आहे. पुराच्या पाण्याने भिंतींवर सोडलेल्या आडव्या रेषा, जुन्या वाड्यांच्या दारांचा उडालेला रंग, पंचवटीतल्या पायऱ्यांचा गुळगुळीत झालेला दगड. ही सगळी काळाची कामं. ग्रंजसाठी मात्र वस्तू बनते आणि बनताना चुकते, तिथे जायला हवं. एकावर एक पोस्टरं डकवून मग अर्धी ओरबाडलेली भिंत बघा: निवडणुकीतल्या चेहऱ्याच्या कपाळातून क्लासच्या जाहिरातीचा फोन नंबर डोकावत असतो. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत खोक्यांवर स्टेन्सिलने मारलेले नंबर बघा, रंग पट्टीखाली झिरपलेला असतो.

आणि सगळ्यात मोठा खजिना ऑफसेट प्रेसमध्ये, मशीनच्या पायाशी पडलेला असतो. शाई आणि रजिस्ट्रेशन (रंग एकमेकांवर नेमके बसणं) जुळेपर्यंत सेटिंगसाठी वाया गेलेले कागद चालवतात. तोच कागद चार-पाच वेगवेगळ्या कामांसाठी पुन्हा पुन्हा मशीनमधून जातो. माझ्याकडे असा एक आहे. द्राक्षाच्या पेटीचं हिरवं लेबल, त्यावर उलटी आलेली लग्नपत्रिका, तिच्या 'श्री गणेशाय नमः'वरून गेलेलं कसल्यातरी औषधाच्या डबीचं लाल छापकाम, आणि एका कडेला फक्त निळ्या प्लेटचा ठसा. लाल आणि हिरवा जिथे एकावर एक बसले तिथे तिसराच, जवळजवळ काळा तपकिरी रंग तयार झाला आहे. तसा रंग मला स्क्रीनवर कधी सुचला नसता. मी तो मागितला तेव्हा मशीनवरचे काका म्हणाले, "अहो, ती रद्दी आहे, चांगला छापलेला देतो की." मी म्हटलं, "काका, मला हाच हवा." नंतर ते माझ्यासाठी असे कागद बाजूला काढून ठेवायला लागले.

तंत्राकडे येऊ. माझी आवड स्पष्ट आहे: तयार टेक्स्चर पॅक मी वापरत नाही. तीच ती शाईची फुली, तोच तो कॉफीच्या कपाचा गोल डाग मला शहरभर ओळखीचे झाले आहेत. झिजलेले फाँट तर त्याहून लवकर उघडे पडतात. 'नाशिक' लिहिलं आणि 'बाजार' लिहिलं, तर तिन्ही कान्यांना एकाच जागी एकच टवका. खऱ्या छपाईत असं होत नाही. याच दुखण्यावर दोन डच डिझायनरांनी, एरिक व्हान ब्लॉकलँड आणि युस्ट व्हान रॉसम यांनी, १९९० च्या सुमारास बिओवुल्फ नावाचा फाँट केला. प्रिंटरमधून निघताना त्याच्या प्रत्येक अक्षराच्या कडा नव्याने वेड्यावाकड्या व्हायच्या. आपल्याला एवढं करायची गरज नाही. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्सचं दुकान पुरतं.

शब्द अगदी लहान, आठ पॉइंटात छापा. झेरॉक्सवर २०० टक्के मोठा करा, ती प्रत पुन्हा २०० टक्के. तिसऱ्या-चौथ्या प्रतीला बारीक रेघा तुटायला लागतात, अक्षरांच्या पोकळ्या भरतात, काचेवरची धूळ ठिपके होऊन उतरते. लेझर प्रिंट नखाने घट्ट दुमडून घडी चोळलीत तर टोनर, म्हणजे प्रिंटरच्या शाईची पूड, नेमका घडीवर सुटतो. पॅकिंगची टेप चिकटवून ओढली की शाईबरोबर कागदाचा थरही निघतो. पॉलिश पेपर हलक्या हाताने, एकाच दिशेने. स्कॅनरचा दिवा सरकत असताना कागद ओढला की अक्षर ताणलं जातं, कितीदाही केलं तरी दोनदा सारखं येत नाही. यातलं सगळं एका पोस्टरवर करू नका. एक बिघाड निवडा आणि तो पुरेपूर होऊ द्या.

मग ६०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा, स्कॅनरची आपोआप होणारी सुधारणा बंद ठेवून, नाहीतर ते मशीन तुमची मेहनत 'साफ' करून टाकतं. थ्रेशोल्ड लावून काळं-पांढरं वेगळं करा आणि ते अक्षराच्या मास्कमध्ये, म्हणजे अक्षराचा कुठला भाग दिसेल आणि कुठला झाकला जाईल हे ठरवणाऱ्या थरात, घाला. मास्कमध्येच. इथे बहुतेकांचं गाडं चुकतं. ओरखडा शाईवर पडला असेल तर त्यातून खालचा कागद दिसायला हवा. सगळ्यावर पसरलेलं करडं टेक्स्चर अक्षरावरून आणि पार्श्वभूमीवरून सारखंच जातं, म्हणून ते समोर धरलेल्या मळक्या काचेसारखं दिसतं. कागद, शाई आणि फोटो यांचे बिघाड वेगवेगळे असतात, फाईलमध्येही ते वेगळे ठेवा. आणि टेक्स्चर ताणून मोठं करू नका. ए-फोरवरचा टोनरचा कण दहा फुटी फ्लेक्सवर नेला की तो दगडाएवढा दिसतो.

आता एक गोष्ट जी इंग्रजी ट्युटोरियल तुम्हाला सांगणार नाहीत, कारण ती आपल्या लिपीची आहे. रोमन अक्षराचा खालचा अर्धा भाग खाऊन टाकला तरी शब्द बऱ्याचदा वाचता येतो. देवनागरीत एवढीशी रेघ अख्खं अक्षर बदलते. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ पुसली की 'बारा'चा 'वारा' होतो. शिरोरेषेतली फट भरली की 'भ'चा 'म' आणि 'ध'चा 'घ'. उलटा धोका जास्त वाईट: शिंतोडा अक्षराच्या डोक्यावर पडला की तो अनुस्वार होतो.

हे मी नुकसान सोसून शिकलो. सेंद्रिय शेतीच्या एका कार्यक्रमाचं पोस्टर होतं. मी खरी ओली माती ब्रशने झाडून शिंतोडे घेतले, स्कॅन केले, ठिकठिकाणी बसवले. एक ठिपका 'खत' या शब्दातल्या 'ख'च्या बरोबर वर बसला. पाचशे प्रती 'सेंद्रिय खंत' अशा छापून झाल्यावर आयोजकांनी ते दाखवलं. पुन्हा छपाईचा खर्च मी दिला, तो माझाच द्यायचा होता. तेव्हापासून शिरोरेषेच्या वरची पट्टी मी वेगळ्या मास्कने झाकतो. तिथे जाणारा प्रत्येक ठिपका माझ्या हाताने ठेवलेला असतो किंवा काढलेला असतो. आणि पोस्टर छापायला देण्याआधी ज्याने ते पाहिलेलं नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला लावतो. घरात आई असते, शेजारी कुणीतरी असतं. ते जिथे अडखळतात तिथे मी ठरवून अडखळवलं आहे का, एवढंच बघतो.

शिरोरेषा तोडायलाही माझी हरकत नाही, उलट ग्रंजसाठी ती फार चांगली जागा आहे. शब्दाची शिरोरेषा कात्रीने कापून दोन मिलिमीटर वर सरकवली की वाचणाऱ्याला लगेच काहीतरी निखळल्याचं जाणवतं आणि अक्षरं तरी ओळखू येतात. फक्त फाईल प्रेसला पाठवण्याआधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांचे फाँट न लागणारे आकार करून टाका, नाहीतर फाँट बदलून तिथे भलताच बिघाड व्हायचा.

त्या मुलीने पोस्टर पहिल्यापासून केलं. बँडचं नाव शरणपूर रोडवरच्या एका दुकानात सहा वेळा झेरॉक्स काढून मोठं केलं, पट्ट्या फाडून चिकटवल्या, शेवटचं अक्षर कागदाबाहेर अर्धं जाऊ दिलं. काळे कोपरे काढून टाकले. तारीख, वेळ आणि पत्ता मात्र साध्या फाँटमध्ये, एका ओळीत, एकही ओरखडा न पडू देता खाली ठेवला.